मोहाचं फूल आणि अबकारी : पार्श्वभूमी

ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांच्या जंगलपट्टीत दारूचा महसूल पूर्वी मक्त्याने, म्हणजे ठेका देऊन, गोळा होई. मुंबई इलाख्याच्या १८७८ च्या अबकारी (दारूवरच्या कराच्या) कायद्याने ही घडी मोडली. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद झाल्या, दारू गाळण्याचं काम सरकारी देखरेखीखाली उरणला गेलं आणि पाड्यावरच्या माणसाला परवान्याच्या दुकानातून बाटली घेणं भाग पडलं. ही दारू मोहाच्या झाडाच्या फुलांपासून गाळत; उरणच्या भट्ट्यांना लागणारा मोह बराचसा गुजरातेकडून येई. वारली, कातकऱ्यांच्या दारातला मोह मात्र संशयाच्या यादीत गेला.

त्या संशयाला १८९२ मध्ये कायद्याचं रूप मिळालं. तोवर गुन्हा भट्टीशी जोडलेला होता. आता या दोन जिल्ह्यांत फूल जवळ बाळगण्यावरच बंधन आलं. अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की घरात फुलं असली की एका रात्रीत दारू गाळता येते आणि सकाळी पुरावा उरत नाही. पण चैत्रात पहाटे झाडाखाली पडलेली ही फुलं वेचून, वाळवून घरात ठेवली जात ती पावसाळ्यासाठी. कणगी रिकामी झाली की शिजवलेला मोह पोटाला आधार द्यायचा, गुरांनाही घातला जायचा. हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता, तरी कायदा झाला. महसूल वाचवण्यासाठी गरिबाच्या अन्नाला कच्चा माल ठरवलं गेलं, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

‘देशी दारू’ या शब्दाचा घोळही इथलाच. परवान्याने विकली जाते ती देशी. त्याच मातीतल्या फुलांपासून घरी गाळलेली ती हातभट्टी, म्हणून बेकायदा.

१९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरून निघालेली देवीची लाट, म्हणजे अंगात आलेल्या देवीच्या नावाने चाललेली सुधारणेची चळवळ, दक्षिण गुजरातच्या आदिवासींत पोचली. दारू-ताडी सोडण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला आणि दुकानदारांचा धंदा बसला. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर वेगळी बंधनं राहिली. पुढे महाराष्ट्रात दारूचे परवाने सुरू झाले, दुकानं वाढली, गडचिरोलीत १९९३ मध्ये लोकांच्या मागणीवरून जिल्ह्यापुरती दारूबंदी आली. फुलाची कोंडी मात्र सुटली नव्हती. मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहून नेणं यांवरची बंधनं राज्याने शिथिल केली ती २०२१ मध्ये, १८९२ च्या कायद्यानंतर १२९ वर्षांनी.