रेनेसाँ: पुन्हा जन्म की जाग?

सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीबद्दल वडोदऱ्यात मराठीतून बोलणं निघालं की 'पुनरुज्जीवन', 'नवजागरण', 'प्रबोधन' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. तिन्हींच्या पाठीशी युरोपातला 'रेनेसाँ' असतो. पण त्यात दोन निराळ्या कल्पना मिसळल्या आहेत. एक जन्माची, दुसरी जागं होण्याची.

रेनेसाँ हा फ्रेंच शब्द, अर्थ पुनर्जन्म. कल्पना मात्र इटलीतली. 1550 साली चित्रकार जॉर्जो व्हासारी याने कलावंतांची चरित्रं छापली, त्यात 'रिनाशिता' हा शब्द येतो. माणसाच्या देहासारख्याच कलाही जन्मतात, वाढतात, म्हाताऱ्या होतात, मरतात. रोमबरोबर लयाला गेलेली कला इटलीत पुन्हा जन्मली, असं त्याचं म्हणणं. अख्ख्या कालखंडाचं नाव म्हणून हा शब्द रुजायला आणखी तीनशे वर्षं लागली. ज्यूल मिशले या फ्रेंच इतिहासकाराने 1855 मध्ये आपल्या फ्रान्सच्या इतिहासाच्या एका खंडाला हे नाव दिलं आणि 1860 मध्ये स्वित्झर्लंडच्या याकोब बुर्कहार्टने ते पक्कं केलं.

आता शब्दाच्या आत डोकावू. जन्मलेला या अर्थी लॅटिनमध्ये 'नातुस' म्हणतात. त्याचं जुनं रूप 'ग्नातुस'. शब्दाच्या सुरुवातीचा 'ग्' पुढे गळाला, पण रक्ताचा नातलग या अर्थाच्या 'कोग्नातुस'मध्ये तो मधोमध असल्यामुळे टिकला. ग्रीकमध्ये कूळ म्हणजे 'गेनोस'. जिथे लॅटिन-ग्रीकमध्ये 'ग' तिथे संस्कृतात 'ज': जन, जात, जन्म. इंग्रजी आणि तिच्या भावंडांत त्याचा 'क' झाला, म्हणून नातलग म्हणजे 'किन'. हा बदल जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने 1822 मध्ये नियम म्हणून मांडला. नियम खरा की योगायोग, हे दुसऱ्या शब्दावर ताडून पाहता येतं. संस्कृत 'ज्ञा' (मुळात ज् + ञा), ग्रीक 'गिग्नोस्को', आणि जाणणे या अर्थाचं इंग्रजी 'नो', ज्याच्या स्पेलिंगमध्ये मुका 'के' अजून बसलेला आहे. पुन्हा तेच ज, ग, क! भाषांचं शास्त्र अशा नियमितपणावर उभं आहे, आणि मला ते कुठल्याही प्रयोगशाळेइतकंच विलक्षण वाटतं. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेनने 1909 मध्ये रूढ केलेला 'जीन' आणि त्याला आपण दिलेला 'जनुक' हा प्रतिशब्द, दोन्ही याच मुळाचे. म्हणजे रेनेसाँमधला जन्म आपल्या 'जन्मा'चा सख्खा नातलग आहे.

'प्रबोधन' वेगळ्या घरातला. 'बुध्' म्हणजे जागं होणं. बुद्ध म्हणजे जागा झालेला. त्याचं भावंड रशियनमध्ये आहे: झोपेतून उठवणं म्हणजे 'बुदीत्', आणि गजराचं घड्याळ म्हणजे 'बुदील्निक'.

जन्म म्हटला की आधी मरण आलं. झोप म्हटली की माणूस जिवंतच होता. हा पेच जुना आहे. 1893 ते 1906 बडोद्यात नोकरी केलेल्या अरविंद घोषांनी 1918 मध्ये या विषयावर लेखमाला लिहिली. भारत कायम जागाच होता, मग 'रेनेसाँ' हा शब्द त्याला लागू पडतो का, हा आयरिश लेखक जेम्स कझिन्स यांचा प्रश्न त्यांनी आरंभीच विचारात घेतला. खुद्द युरोपातही मधला काळ मेलेला होता असं आता कोणी सरसकट म्हणत नाही. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोमध्ये अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं धडाक्याने चालली होती, आणि अमेरिकन इतिहासकार चार्ल्स हॅस्किन्सने 1927 मध्ये त्या शतकालाही रेनेसाँ हेच नाव दिलं.

बडोद्यापुरतं बोलायचं तर माझा कौल 'प्रबोधना'ला. 1916 मध्ये गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून राजशेखराची 'काव्यमीमांसा' हा काव्यशास्त्रावरचा जुना संस्कृत ग्रंथ छापला गेला. त्याआधी सयाजीरावांच्या आज्ञेवरून संस्कृत पंडित चि. डा. दलाल यांनी गुजरातेतल्या पाटणची जैन ग्रंथभांडारं तपासली होती. तिथल्या ताडपत्रांवरच्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या होत्या. जी गोष्ट कुणीतरी इतक्या निगुतीने सांभाळली, तिचा पुनर्जन्म झाला म्हणणं त्या सांभाळणाऱ्यांवर अन्याय आहे. 1906 मध्ये राज्यभर लागू झालेलं मुलामुलींचं सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण मात्र यात बसत नाही. तसं काही इथे आधी नव्हतंच, त्यामुळे त्याला 'पुन्हा' न लावता सरळ जन्म म्हणावं.