मुद्रा की पीएमईजीपी? सबसिडी नेमकी कुठे असते

गावाकडे कुणी धंदा काढायचं मनावर घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: “मुद्राला सबसिडी किती बसते?” एक रुपयाही नाही. सबसिडी आहे ती पीएमईजीपीत, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात. दोन्ही योजना केंद्राच्या, दोन्हींच्या नावात पंतप्रधान आणि दोन्हींचा पैसा शेवटी बँकेतूनच हातात पडतो. त्यामुळे घोळ होतो आणि तो एजंटांच्या चांगलाच पथ्यावर पडतो.

मुद्रा योजना 8 एप्रिल 2015 ला सुरू झाली. हे साधं, बिनतारण कर्ज. शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांसाठी 2024 पासून 20 लाखांपर्यंतचा ‘तरुण प्लस’ गटही आहे. मुद्रा नावाची संस्था स्वतः कुणाला कर्ज देत नाही, ती बँका आणि वित्तसंस्थांना पुनर्वित्त पुरवते, म्हणजे त्यांनी दिलेल्या कर्जांसाठी त्यांना पैसा देते. घेतलेली रक्कम व्याजासकट तुम्हीच फेडायची. व्याजाचा दरही ज्याची त्याची बँक ठरवते, म्हणून सही करण्याआधी दोन ठिकाणी विचारावं. मायक्रोफायनान्सवाला दारात येऊन ‘हे मुद्राच आहे’ म्हणतो तेव्हा तर नक्कीच.

पीएमईजीपी 2008 ची. खादी आणि ग्रामोद्योग आयोग ती राबवतो. जिल्ह्यात अर्जाचं काम खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र बघतं. 2021-22 ते 2025-26 या काळासाठी मंजूर झालेल्या नियमांत उत्पादनाच्या प्रकल्पाची मर्यादा 50 लाख आणि सेवेची 20 लाख आहे. ग्रामीण भागात खुल्या गटाला 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटाला 35 टक्के सबसिडी. आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्राने निवडलेल्या, जिल्ह्यांतले अर्जदारही या विशेष गटात धरले जातात. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि धाराशिव. ज्यांना याचा सर्वांत जास्त फायदा, त्यांनाच हे कुणी सांगत नाही.

आता हिशोब. नंदुरबारमधल्या मोलगीच्या आसपास, सातपुड्यात, आमचूर घरोघर होतो. कैऱ्या सोलायच्या, फोडी करायच्या, वाळवायच्या आणि वाळलेला माल व्यापाऱ्याला द्यायचा. समजा तिथल्या एका बाईंना ड्रायर, पल्व्हरायझर (दळायचं यंत्र) आणि पॅकिंग मशीन घेऊन पावडर स्वतःच विकायची आहे आणि खर्च 8 लाख येतोय. पीएमईजीपीत त्यांचा वाटा 5 टक्के, म्हणजे 40 हजार. बाकीचे 7 लाख 60 हजार बँक देते. सबसिडीचे 2 लाख 80 हजार बँकेत येतात, पण बाईंच्या हातात नाही. ते तीन वर्षं मुदत ठेवीसारखे पडून राहतात. त्यावर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची प्रत्यक्ष पाहणी झाली की ती रक्कम कर्जात वळती होते. म्हणजे बाईंना मुद्दल फेडायचं ते 4 लाख 80 हजार. मधेच मशीन विकून टाकली तर सबसिडी परत जाते.

मुद्रात 8 लाख घेतले तर 8 लाखच फेडायचे. मग मुद्रा घ्यायचीच कशाला? कारण पीएमईजीपीला वेळ लागतो. ऑनलाइन अर्ज, प्रोजेक्ट रिपोर्ट, मशीनची कोटेशनं, उद्योग केंद्राची छाननी, मग बँक. उद्योग केंद्राने फाईल पुढे पाठवली म्हणजे काम झालं असं नाही, मंजुरी बँकेचीच. शिवाय यंत्रसामग्रीसारखा भांडवली खर्च नसेल तर प्रकल्प बसतच नाही. जागेची किंमत खर्चात धरत नाहीत. निव्वळ खरेदी-विक्रीला, काही खास जिल्हे सोडले तर, सहसा वाव नसतो. किराणा दुकान, बाजाराच्या दिवशी लागणारा माल, शिलाई मशीन, भज्यांची गाडी यांसाठी मुद्राच बरी. पन्नास हजारांसाठी सबसिडीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

खरी गोची क्रमाची आहे. पीएमईजीपी फक्त नव्या युनिटला मिळते. आधी मुद्रा घेऊन आमचूरचं युनिट उभं केलं आणि मग त्याच युनिटसाठी 35 टक्के मागायला गेलात, तर ते ‘जुनं’ ठरतं. अशा युनिटला वाढीसाठी दुसरं कर्ज मिळतं, मुद्रावाल्यांनाही मिळतं, पण त्यावर सबसिडी 15 टक्के आणि अटी कडक: आधीचं कर्ज वेळेत फेडलेलं असावं, धंदा नफ्यात असावा. म्हणून मशीन घेऊन काही बनवणार असाल तर आधी पीएमईजीपीचा अर्ज टाका, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुर्गम भागात तारणाचा प्रश्न वेगळाच. आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीकडे जात नाही. वनहक्काचा पट्टा वारसाने मिळतो, विकता येत नाही. बँकेला अशी जमीन तारण म्हणून फारशी कामाची नाही. त्यामुळे छोट्या उद्योगाच्या निदान 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा दंडक इथे लाखमोलाचा. तो पीएमईजीपीलाही लागू आहे, तरी शाखेत ‘सातबारा आणा’ ऐकू येतंच. तेव्हा अशा बिनतारण कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी योजनेची आठवण करून द्यायची आणि नकार लेखी मागायचा.

आणखी एक खोच. या योजनेत पंचायत राज हद्दीतला भाग ग्रामीण, नगरपालिका हद्दीतला शहरी. आणि नगरपंचायत नगरपालिकेच्या बाजूला मोडते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, पण तिथे नगरपंचायत आहे, म्हणजे कागदावर ते शहर. नंदुरबारमधल्या धडगावचंही तेच. शहरी भागात विशेष गटाला 35 ऐवजी 25 टक्के, 8 लाखांवर 80 हजारांचा फरक. युनिट हद्दीबाहेरच्या गावात टाकणं जमत असेल, तर पत्ता ठरवण्याआधी उद्योग केंद्रात विचारून घ्या.

राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही आहे, सीएमईजीपी. नाव जवळपास तेच, सबसिडीही आहे, पण एकाच युनिटला दोन्हींची मिळत नाही. आणि मुद्रा मंजूर झाल्याचं पत्र दाखवून कुणी फी मागत असेल, तर ते पत्र बनावट समजा.