नित्य शास्त्रवाचन (ख्रिस्ती)

नित्य शास्त्रवाचन : बायबलमधील ठरावीक भाग रोज नेमाने वाचून त्यावर मनन व प्रार्थना करण्याची ख्रिस्ती प्रथा. हे वाचन एकट्याने, घरच्या प्रार्थनेत किंवा मंडळीच्या उपासनेत होते. आज नित्य वाचन म्हटले की पहाटे एकटाच बायबल उघडून बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात हे चित्र बरेच अलीकडचे आहे. छापखाना येईपर्यंत बहुसंख्य ख्रिस्ती लोकांनी शास्त्र वाचले नाही, ऐकले. हस्तलिखिते महाग होती आणि अक्षरओळख थोड्यांनाच होती.

प्रथेचे मूळ ज्यू परंपरेत आहे. राजाने नियमशास्त्राची, म्हणजे मोशेच्या नावे असलेल्या नियमांची, नक्कल जवळ बाळगून जन्मभर वाचावी, असे बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात सांगितले आहे. बायबलच्या स्तोत्रसंहितेतील पहिले स्तोत्र रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करणाऱ्याला धन्य म्हणते. नासरेथच्या सभास्थानात येशू वाचायला उभा राहतो, तेव्हा त्याच्या हाती यशया या संदेष्ट्याचा ग्रंथ देतात (लूक 4). बिरुया गावातले लोक तर प्रेषित पौलाचे बोलणे खरे की खोटे, हे पाहायला दररोज शास्त्र धुंडाळत (प्रेषितांची कृत्ये 17). उपदेशकाचे म्हणणे पडताळून पाहण्याचा हक्क श्रोत्यालाही आहे, या विचाराला पुढे याच प्रसंगाचा आधार मिळाला. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या लेखकाने ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचे वर्णन केले आहे. वेळ असेल तोवर प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वाचत, असे तो सांगतो.

मठांनी या वाचनाला दिनक्रमात बसवले. सहाव्या शतकातील बेनेडिक्ट या संन्याशाने मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत कामाइतकेच वाचनाचेही तास ठरलेले आहेत, आणि आठवड्यात सर्व 150 स्तोत्रे म्हणून झालीच पाहिजेत. उपवासकाळात प्रत्येक बंधूला एकेक पुस्तक मिळे. ते सुरुवातीपासून सलग वाचायचे. कोणी वाचायचे सोडून गप्पा छाटत नाही ना, हे पाहत एक-दोन वडीलधारे बंधू मठभर फिरत. बाराव्या शतकात गिगो द्वितीय या कार्थुझियन संन्यासी संघाच्या मठाधिपतीने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या. त्याच्या मते वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते. लॅटिन जगात ‘लेक्शिओ दिविना’ म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत मुद्दाम संथ आहे. एका बैठकीत एखाददुसरे वचनही पुरते.

सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट पंथ ज्यातून निघाले, त्या धर्मसुधारणेनंतर बायबल लोकभाषांत छापले जाऊ लागले आणि किती वाचायचे, याचा हिशेब सुरू झाला. इंग्लंडमध्ये 1549च्या प्रार्थनाग्रंथात सकाळ-संध्याकाळच्या उपासनांसाठी वाचनांचा तक्ता होता. त्यानुसार स्तोत्रसंहिता दर महिन्याला पुरी होई. जर्मनीतील हेर्नहूट येथील मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीने 1731पासून रोजच्या वचनांची पुस्तिका छापली. ती आजही निघते. तिच्यातील जुन्या कराराचे (बायबलच्या येशूपूर्व भागाचे) वचन चिठ्ठी काढून ठरते आणि नव्या करारातले (येशू व त्याच्या शिष्यांविषयीच्या भागातले) त्याला जुळेलसे निवडतात.

सर्वांत गाजलेला तक्ता स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांचा. तो त्यांनी 1842च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी तयार केला. 1 जानेवारीला उत्पत्ती, मत्तय, एज्रा आणि प्रेषितांची कृत्ये या चार पुस्तकांचे पहिले अध्याय. दोन कुटुंबात वाचायचे, दोन एकांतात. असे वर्षभर चालले की जुना करार एकदा, नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. या वाचनाचे धोकेही त्यांनीच त्यात लिहून ठेवले : उपचार म्हणून वाचणे, वाचले याचा अहंकार, घाईने पान उलटणे, न पेलणारे ओझे. नंतर निघालेल्या बहुतेक तक्त्यांनी अध्यायांची वाटणी उचलली, हा इशारा मात्र मागे राहिला. बायबलचे 1189 अध्याय दिवसाला तीन-चार या हिशेबाने वर्षात संपतात खरे, पण उत्साहाने सुरू झालेले वाचन ‘लेवीय’ या तिसऱ्या पुस्तकातील यज्ञविधींपाशी अडते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. मॅकचेन स्वतः मार्च 1843मध्ये एकोणतिसाव्या वर्षी वारले.

कॅथलिक चर्चमध्ये सामान्यांनी स्वतः बायबल वाचण्याबाबत दीर्घकाळ सावधगिरी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेच्या, 1965च्या दस्तऐवजाने सर्व श्रद्धावंतांना वारंवार वाचनाचा आग्रह केला. ‘शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान’ हे बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोम याचे वचन त्यात पुन्हा उद्धृत झाले. 1969मध्ये रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र आले : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मुख्यतः पुनरुत्थानाच्या काळात. पुढे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी त्याला जवळचे चक्र स्वीकारले.

मराठीत या प्रथेची वाट थोडी वेगळी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. ते बायबलचे भाषांतर नव्हे. जुन्या व नव्या करारातील कथा सांगणाऱ्या सुमारे अकरा हजार ओव्यांचे ते पुराण आहे आणि चर्चमध्ये जमलेल्यांपुढे वाचण्यासाठीच ते रचले होते. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या लोकांना त्यांच्याच छंदात शास्त्रकथा देण्याची ही युक्ती आजही चोख वाटते. एकोणिसाव्या शतकात सेरामपूरच्या विल्यम कॅरी यांनी आणि नंतर मुंबईच्या अमेरिकन मिशनने मराठी भाषांतरे छापली, तेव्हा घरोघरी वाचनाची सोय झाली. पण भाषा जड होती. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये साध्या, कमी शिकलेल्या बायांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. 1922मध्ये त्या वारल्या. ग्रंथ 1924मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या छपाईच्या कामात मुक्तीमधल्या स्त्रियांचाच हात होता. अलीकडे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने आजच्या मराठीत तेच काम पुढे नेले.