‘फ्लो’च्या ऑस्करमागे काय काय होतं

२ मार्च २०२५ ला ९७व्या ऑस्करमध्ये बेस्ट अ‍ॅनिमेटेड फीचरचं नाव पुकारलं गेलं आणि पिक्सारचा ‘इनसाइड आउट २’ आणि ड्रीमवर्क्सचा ‘द वाइल्ड रोबॉट’ असे दोन तगडे दावेदार समोर असताना अवॉर्ड गेलं ‘फ्लो’ला, म्हणजे लाटव्हियाच्या गिंट्स झिल्बालोडिसच्या पिक्चरला, ज्यात एक काळं मांजर, एक कॅपिबारा (दक्षिण अमेरिकेतला मोठ्या घुशीसारखा प्राणी), एक कुत्रा, एक लेमूर आणि एक मोठा पांढरा पक्षी पुरात एका होडीवर एकत्र येतात आणि ८५ मिनिटांत कोणीही एक शब्द बोलत नाही. लाटव्हियाचं हे पहिलंच ऑस्कर. दुसऱ्या दिवशी जिकडेतिकडे ‘एका रात्रीत चमत्कार’ अशा हेडलाइन्स, आणि मला तेच पटत नाही. हे यश एका रात्रीतलं नाहीच, त्यामागे कितीतरी वर्षांची तयारी आहे, झिल्बालोडिसची स्वतःची तर आहेच पण त्याच्या आधी येऊन रिकाम्या हाताने परत गेलेल्या बऱ्याच पिक्चर्सचीसुद्धा.

आधी ऑस्करचं बघू. अ‍ॅनिमेशन फीचरसाठी वेगळी कॅटेगरी फार उशिरा आली. १९३९ मध्ये ‘स्नो व्हाइट’साठी वॉल्ट डिस्नेला स्पेशल ऑस्कर दिलं, ऑस्करची एक मोठी ट्रॉफी आणि बाजूला सात छोट्या, बालकलाकार शर्ली टेंपलच्या हस्ते. कौतुक झालं, पण ते स्पेशलच, स्पर्धेतलं नाही. १९९२ मध्ये ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ थेट बेस्ट पिक्चरच्या पाच नॉमिनेशन्समध्ये गेला, अ‍ॅनिमेशनला हा मान पहिल्यांदाच मिळाला, तरी स्वतंत्र कॅटेगरी यायला आणखी दहा वर्षं गेली. ९० च्या दशकाच्या शेवटी पिक्सार, ड्रीमवर्क्स, आर्डमन असे सगळेच जोरात पिक्चर काढायला लागले आणि दरवर्षी स्पर्धा भरवण्याइतकी संख्या दिसायला लागली तेव्हा कुठे २००२ च्या सोहळ्यात पहिलं अवॉर्ड दिलं गेलं, ते ‘श्रेक’ला.

पुढच्याच वर्षी जपानी डायरेक्टर मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ जिंकला. त्याच्याकडे आधीच २००२ चा बर्लिन फेस्टिवलचा गोल्डन बेअर होता, म्हणजे मोठ्या माणसांच्या सीरियस सिनेमांशी टक्कर देऊन मिळवलेलं बक्षीस. तेव्हा वाटलं असणार की चला, आता जगभरच्या अ‍ॅनिमेशनला दार उघडलं. पण मोठ्या स्टुडिओंच्या इंग्रजी पिक्चर्सनी नंतरची जवळपास सगळी वर्षं खाल्ली, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतला पिक्चर परत जिंकला तो थेट २०२४ मध्ये आणि तोही मियाझाकींचाच, ‘द बॉय अँड द हेरॉन’.

पण खरी मजा आहे नॉमिनेशन्सच्या यादीत. विजेता ठरतो ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीच्या सगळ्या सदस्यांच्या मतांवर, त्यामुळे ज्याचा गाजावाजा मोठा त्याचं पारडं जड. पण नॉमिनेशनपर्यंत छोटे पिक्चर पोचत राहिले. आयर्लंडचा ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ २०१० मध्ये, स्पेनचा ‘चिको अँड रीटा’ आणि फ्रान्सचा ‘अ कॅट इन पॅरिस’ २०१२ मध्ये, मग ब्राझीलचा ‘बॉय अँड द वर्ल्ड’ २०१६ मध्ये. २०१७ मध्ये ‘द रेड टर्टल’ आला, त्यात संवाद नाहीत आणि तो फ्रान्सच्या कान फिल्म फेस्टिवलच्या ‘अँ सर्टन रिगार्ड’ विभागात स्पेशल ज्युरी प्राइज घेऊन आलेला. २०२४ मध्ये ‘रोबॉट ड्रीम्स’, तोही बिनसंवादाचा, तोही कानमध्ये दाखवलेला, वर युरोपियन फिल्म अवॉर्ड जिंकलेला. यातल्या एकालाही ऑस्कर मिळालं नाही. पण वर्षानुवर्षं असे पिक्चर समोर येत राहिल्यामुळे मत देणाऱ्यांची नजर तयार झाली असं माझं ठाम मत आहे, ‘फ्लो’ आला तेव्हा न बोलणारा अ‍ॅनिमेशन पिक्चर ही काही अजब गोष्ट राहिली नव्हती.

आता झिल्बालोडिस. जन्म १९९४ चा. २०१२ मध्ये, म्हणजे कोवळ्या वयातच, त्याने ‘अ‍ॅक्वा’ नावाची शॉर्ट फिल्म केली, पाण्याला घाबरणाऱ्या मांजराची. ‘फ्लो’चं बी तिथलं. मग २०१९ मध्ये ‘अवे’ हा पहिला फीचर, त्याने अक्षरशः एकट्याने केला, डायरेक्शन, अ‍ॅनिमेशन, म्युझिक सगळं, आणि त्यातही कोणी बोलत नाही. आन्सी हा फ्रान्समधला १९६० पासून चालणारा अ‍ॅनिमेशनचा फेस्टिवल, या क्षेत्रातली सगळ्यात मानाची जागा, तिथे ‘अवे’ला कॉन्ट्रशाँ विभागाचं अवॉर्ड मिळालं. एकट्याने कसं काम करायचं हे कळलेला माणूस ‘फ्लो’मध्ये पहिल्यांदाच टीमबरोबर काम करायला शिकत होता, आणि मला वाटतं पिक्चरमधलं ते एकलकोंडं मांजर जे हळूहळू इतरांबरोबर होडीत राहायला शिकतं त्यात त्याचंच काहीतरी उतरलंय. मातिस काझा लाटव्हियातला प्रोड्यूसर आणि सहलेखक, बाकी पैसा आणि माणसं फ्रान्स आणि बेल्जियममधूनही आली. बजेट साधारण ३५ लाख युरो. ‘इनसाइड आउट २’चं सुमारे २० कोटी डॉलर होतं.

पिक्चर बनला ब्लेंडरमध्ये. हे थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कोणीही डाउनलोड करू शकतं, आणि ते फुकट असण्यालाही इतिहास आहे. २००२ मध्ये ते बनवणारी कंपनी बंद पडली तेव्हा ब्लेंडरचा जनक टोन रोसेंडालने लोकांकडून १ लाख युरो गोळा करून त्याचा सोर्स कोड (सॉफ्टवेअरचा मूळ प्रोग्रॅम) सगळ्यांसाठी खुला करून घेतला. म्हणजे ज्या वर्षी ऑस्करची ही कॅटेगरी सुरू झाली त्याच वर्षी पुढे ती जिंकून देणारं टूल सगळ्यांच्या हाती आलं, हा योगायोग मला भारी वाटतो. झिल्बालोडिसने नेहमीचे स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉटची आधी काढलेली चित्रं, काढलेच नाहीत, थ्रीडी जागा उभी करून त्यात कॅमेरा फिरवत शॉट शोधले, म्हणून तो कॅमेरा असा मांजराच्या मागे मागे श्वास रोखून पळल्यासारखा वाटतो. फायनल रेंडरिंग, म्हणजे थ्रीडीवरून शेवटची चित्रं तयार करणं, शेकडो कॉम्प्युटरच्या कुठल्या मोठ्या रेंडर फार्मवर नाही, त्याच्या स्वतःच्या पीसीवर झालं.

आवाज मात्र खऱ्या प्राण्यांचे, मांजराचा तर साउंड डिझायनरच्या स्वतःच्या मांजरीचा. कॅपिबाराचा खरा आवाज फार तीक्ष्ण निघाला, त्या शांत सुस्त प्राण्याला शोभेना, म्हणून तिथे उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरला. एवढं बारीक लक्ष दिलंय म्हणूनच शब्दांची उणीव भासत नाही, आणि समीक्षकांनी पहिल्यापासून नेमकं हेच उचलून धरलं.

कारण अवॉर्ड्सची रांग लागली ती समीक्षक आणि फेस्टिवल्सपासूनच. मे २०२४ मध्ये कान, ‘अँ सर्टन रिगार्ड’. लगेच जूनमध्ये आन्सीला चार बक्षिसं, ज्युरी अवॉर्ड, प्रेक्षकांचं अवॉर्ड, म्युझिकचं आणि डिस्ट्रिब्युशनसाठीचं. सर्वोच्च क्रिस्टल तिथे ऑस्ट्रेलियाच्या ‘मेमॉयर ऑफ अ स्नेल’ला गेला, पण ज्युरी आणि प्रेक्षक दोघांनीही एकाच पिक्चरला पसंती देणं हे मला जास्त बोलकं वाटतं. वर्षाच्या शेवटी न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस दोन्हीकडच्या समीक्षकांनी याचीच निवड केली, डिसेंबरमध्ये युरोपियन फिल्म अवॉर्ड, ५ जानेवारी २०२५ ला गोल्डन ग्लोब.

सगळं एकतर्फी झालं असंही नाही. अ‍ॅनी अवॉर्ड्स, जी अ‍ॅनिमेशनवाले स्वतः देतात, तिथे मुख्य बेस्ट फीचर ‘द वाइल्ड रोबॉट’ने नेलं, ‘फ्लो’ला मिळालं बेस्ट इंडिपेंडंट आणि, हे विशेष, बेस्ट रायटिंग. एकही संवाद नसलेल्या पिक्चरला लेखनाचं अवॉर्ड! पटकथा म्हणजे फक्त डायलॉग नाहीत हे त्या क्षेत्रातल्या लोकांनी इतक्या स्पष्टपणे मान्य करावं याचा मला मनापासून आनंद झाला. ब्रिटनचं बाफ्टा अवॉर्ड ‘वॉलेस अँड ग्रॉमिट’ला गेलं. ऑस्करला ‘फ्लो’ बेस्ट इंटरनॅशनल फीचरमध्येही होता, असं दुहेरी नॉमिनेशन त्याआधी २०२२ मध्ये डेन्मार्कच्या ‘फ्ली’ला मिळालेलं, त्याला डॉक्युमेंटरीचंही होतं. इंटरनॅशनल यावेळी ब्राझीलच्या ‘आय अ‍ॅम स्टिल हिअर’ने घेतलं.

आणि लाटव्हियात? तिथल्या थिएटर्समध्ये आजवर सगळ्यात जास्त पाहिलेला पिक्चर हाच. गोल्डन ग्लोबची ट्रॉफी राजधानी रीगाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात ठेवली तेव्हा लोकांनी ती बघायला रांगा लावल्या, आणि शहरात त्या मांजराचा पुतळाही उभा राहिला.