घोडं पेंड कुठं खातंय?

पुण्यातली एखादी छोटी टर्बो पेट्रोल हॅचबॅक (टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) डोळ्यांसमोर आणा. कंपनीच्या माहितीपत्रकात ११० पीएस, म्हणजे जवळपास तेवढेच हॉर्सपॉवर, तेवढे ‘घोडे’. मालकानं ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) रीमॅप करून, म्हणजे त्यातली आकडेमोड बदलून घेतली, नवं एअर फिल्टर बसवलं, आणि ट्यूनरनं छातीठोकपणे सांगितलं, ‘आता १३५ समजा.’ मग एप्रिलच्या एका दुपारी हौसेनं गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरच्या यंत्रावर चढवली. पट्टे आवळले, पुढं पंखा लावला आणि ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. कागदावर आले ११२. दुसऱ्या रनला १०८, तिसऱ्याला १०४. पैसे मोजले पंचवीस घोड्यांचे, पदरात पडले दोन, आणि तेही बघता बघता पळाले.

इथं बहुतेक जण लगेच मोठ्या इंटरकूलरची (टर्बोनं तापवलेली हवा थंड करणाऱ्या जाळीची) ऑर्डर देऊन मोकळे होतात. जरा थांबा. आधी तो आकडा नक्की कशाचा आहे ते पाहू.

डायनो इंजिनाची ताकद थेट मोजतच नाही. साध्या इनर्शिया डायनोत एक जडशीळ लोखंडी ड्रम असतो. त्याला फिरवायला किती जोर लागतो हे आधीच ठाऊक असतं. चाकांनी तो किती झपाट्यानं फिरवला यावरून टॉर्क (फिरवण्याचा जोर) निघतो आणि टॉर्कला फिरण्याच्या वेगानं गुणलं की पॉवर. म्हणजे हा हिशेब चाकांपाशी मांडलेला असतो. माहितीपत्रकातले ११० मात्र क्रँकशाफ्टवरचे, म्हणजे थेट इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरचे. मधल्या वाटेत गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट आणि रोलरवर दबणारं टायर आपापला वाटा कापून घेतात. हा वाटा साधारण १५ टक्के धरला, तर चाकांवरचे ११२ म्हणजे क्रँकवर जवळपास १३२. ट्यूनर फारसा खोटा नव्हता! पण हे १५ टक्के कुणी मोजलेले नसतात, सॉफ्टवेअरमध्ये भरलेले असतात. तिथं २० टाका, त्याच गाडीचे १४० होतात. एका दुकानातला कागद दुसऱ्या दुकानातल्या कागदाशी ताडून बघण्यात म्हणूनच काही राम नाही. रीमॅपच्या आधी त्याच डायनोवर गाडी मोजून घेतली नसेल, तर अर्ध्या भांडणाला उत्तरच उरत नाही.

दुसरी मेख हवेची. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, त्यामुळं इथला हवेचा दाब मुंबईच्या १०१३ हेक्टोपास्कलऐवजी साधारण ९५०. असा फरक भरून काढायला डायनोचं सॉफ्टवेअर ‘करेक्शन’ लावतं. एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे१३४९ या मानकात निकाल २५ अंश सेल्सिअस आणि ९९० हेक्टोपास्कल कोरड्या हवेच्या हिशेबात आणला जातो. टर्बो नसलेल्या इंजिनाला हे चपखल बसतं, कारण बाहेर हवा विरळ तर आतही विरळ. टर्बोवाल्या गाडीत मात्र ईसीयू वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) आवळून कमी पडलेला दाब बराचसा भरून काढतो. तिथंही सरसकट पूर्ण करेक्शन लावलं की फुकटचे घोडे कागदावर उतरतात.

टर्बोची ही करामत जुनीच आहे. १९१८ साली जनरल इलेक्ट्रिकचे अभियंते सॅनफर्ड मॉस यांनी एक लिबर्टी विमान इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीकवर, सुमारे ४,३०० मीटर उंचीवर, वाहून नेलं. खाली ३५० हॉर्सपॉवर देणारं ते इंजिन माथ्यावर टर्बोशिवाय २३० वर आलं आणि टर्बो जोडल्यावर ३५६ वर गेलं. मात्र यात टर्बोचा घाम निघतो. आत २ बार निरपेक्ष (शून्यापासून मोजलेला) दाब हवा असेल तर मुंबईत हवा जेमतेम दुप्पट दाबावी लागते, पुण्यात २.१ पट. जास्त दाबली की जास्त तापते.

आणि तापणं हाच आपल्या गाडीतला खरा धागा आहे. ११२, १०८, १०४ या उतरत्या पायऱ्या मला पहिल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं, तोच प्रकार. ३५ अंशांची हवा दुप्पट दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा १३० अंशांच्या आसपास असते. इंटरकूलरनं तिला निववायचं असतं, पण त्यालाही वारा लागतो. हायवेवर ताशी १०० किलोमीटरनं अंगावर येणारा वारा कुठं आणि बंद शेडमधला पंखा कुठं! इंजिनात जाणारी हवा ४५ ऐवजी ७५ अंशांची झाली तर त्याच दाबाला सुमारे ९ टक्के कमी हवा आत जाते. शिवाय हवा-पेट्रोलचं तापलेलं मिश्रण ठिणगीनं पेटवल्यावर त्याचं उरलेलं टोक ज्योत पोचायच्या आत आपोआप भडकतं. हेच नॉकिंग. नॉक सेन्सरच्या कानावर ती ठकठक पडली की ईसीयू ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचतं, घोडे जातात. ट्यूनरनं ९५ ऑक्टेन (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंग टाळण्याची क्षमता) धरून फाइल लिहिली आणि टाकीत ९१ असेल, तर थंड गाडीतही हेच होणार. पेट्रोलमध्ये मिसळलेलं इथेनॉल ऑक्टेन वाढवतं खरं, पण पेट्रोलच्या एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त ओतावं लागतं, आणि इंधनाचा पंप आधीच काठावर चालत असेल तर वरच्या आरपीएमला रेल प्रेशर, म्हणजे इंजेक्टरच्या नळीतला इंधनाचा दाब, बसतं.

यातलं काय झालं हे आलेखाच्या आकारावरून आणि ओबीडीच्या (गाडीच्या निदान-सॉकेटमधून मिळणाऱ्या) लॉगवरून कळतं, शिखराच्या आकड्यावरून नाही. रेघ झोकात चढली आणि पुढं लोळली, तर लॉगमध्ये मागितलेला बूस्ट (टर्बोनं वाढवलेला दाब) आणि मिळालेला बूस्ट शेजारी ठेवून बघा. दोन्ही एकमेकांपासून लांब जात असतील तर वेस्टगेट दाब धरत नाही, कुठंतरी गळती आहे, नाहीतर बिचारा छोटा टर्बो तिथं दमलाच. इंजिनाचे आरपीएम धावले आणि ड्रम मागं राहिला तर क्लच घसरतोय. मध्येच कुऱ्हाडीनं तोडल्यासारखी रेघ आडवी झाली तर यंत्रात दोष असेलच असं नाही. मागची चाकं थांबलेली आणि पुढची पळतायत हे पाहून ईएसपीला (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेला) वाटतं गाडी चिखलात रुतली, मग तो टॉर्क कापतो.

रेघ वर जाऊन करवतीसारखी दातेरी झाली, तर माझा संशय ठिणगी टाकणाऱ्या स्पार्क प्लगवर. फ्रीड्रिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवलं की वायूतून ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतो. बूस्ट वाढवला म्हणजे दाब वाढवला. प्लगला व्होल्टेज पुरवणाऱ्या कॉइलचा जोर मात्र तेवढाच. मग अंतर तरी कमी करायला हवं. ०.८ मिलिमीटरची गॅप ०.६-०.७ वर आणली की कधी कधी सगळे दात गुळगुळीत होतात. काम फिलर गेजचं (फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांचं), वेळ अर्धा तास, तरी ते सगळ्यात शेवटी सुचतं.

गळतीचा कावा वेगळाच. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी असेल, तर निसटलेली हवाही तो हिशेबात धरतो आणि ईसीयू तिच्यासाठीही पेट्रोल ओततो. मिश्रण दाट होतं, धूर काळा येतो. गळती लहान असेल तर टर्बो आणखी वेगानं फिरून दाब भरून काढतो. मीटरवर सगळं आलबेल, हवा मात्र आणखी तापलेली.

म्हणून एप्रिलच्या त्या दुपारी मी असं करीन: बॉनेट उघडं ठेवून गाडी अर्धा-पाऊण तास निवू द्यायची, पंखा थेट इंटरकूलरवर वळवायचा आणि चौथा रन घ्यायचा. ११२ परत आले तर दोष उष्णतेचा, पुढचा रन सकाळी सातला. १०४ च राहिले, तर इनटेकचं तोंड बंद करून आत थोडी हवा भरायची आणि पंक्चरवाल्यासारखं सांध्यांवर साबणाचं पाणी टाकायचं. माझा हात आधी इंटरकूलरच्या खालच्या होजच्या क्लिपकडे जाईल.