धाप लागते तेव्हा रक्तात काय उतरतं?

मागच्या रविवारी शिवाजी पार्कला फेऱ्या मारून झाल्यावर मावशी कट्ट्यावर टेकली आणि तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला होता : 'एकदा व्यायाम करा, 30 टक्के कॅन्सर नष्ट! डॉक्टर हे सांगणार नाहीत.' मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन तीन वर्षं झाली. रोज एक गोळी चालू आहे, अजून दोन वर्षं घ्यायची आहे. सहज विचारावं तसं तिने विचारलं, "मी रोज चालतेच आहे, मग ती गोळी बंद केली तर? सांधे फार धरतात गं त्याने."

गोळी बंद करायची नाही, हे तिला तिथल्या तिथे सांगितलं. सांध्यांचं दुखणं डॉक्टरांच्या कानावर घालायचं, हेही सांगितलं. पण तो 30 चा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी स्तनाच्या कॅन्सरमधून बाहेर पडलेल्या 32 स्त्रियांकडून एकदाच जोरकस व्यायाम करून घेतला. कुणी वजनं उचलली, कुणी थांबून-थांबून वेगाचा व्यायाम केला. आधीचं आणि नंतरचं रक्त घेतलं. रक्त नळीत थोडा वेळ उभं ठेवलं की गोठून खाली बसतं आणि वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी उरतं, ते सीरम. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर हे सीरम घातलं, तेव्हा व्यायामानंतरच्या सीरममध्ये त्यांची वाढ 20 ते 30 टक्क्यांनी कमी झाली.

म्हणजे बशीतल्या पेशींची वाढ मंदावली. कुणाच्या अंगातली गाठ 30 टक्क्यांनी आक्रसली असं त्यात कुठेही नाही. मेसेज लिहिणाऱ्याने बशी गाळली आणि बाई ठेवली.

तरीही मला हा विषय सोडवत नाही. त्या पिवळ्या पाण्यात असं काय उतरलं, की जे व्यायामाआधीच्या रक्तात नव्हतं? काम करणारा स्नायू कितीतरी प्रथिनं रक्तात सोडतो. त्यांना मायोकाइन म्हणतात आणि पर्थच्या प्रयोगात तीही वाढलेली दिसली. पण मला सगळ्यात जास्त मोह पडतो तो एका जुन्या ओळखीच्या संप्रेरकाचा : अ‍ॅड्रेनलिन. कुत्रा अंगावर आला की छातीत धडधडतं ते याच्यामुळे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ते सोडतात, आणि धाप लागेपर्यंत व्यायाम केला की रक्तातलं त्याचं प्रमाण कित्येक पटींनी चढतं.

2017 मध्ये कोपनहेगनमध्ये पेर्निल हॉयमन यांच्या गटाने स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्ण स्त्रियांचं, दोन तासांच्या व्यायामानंतरचं सीरम वापरून असाच प्रयोग केला आणि एक पाऊल पुढे टाकलं. कॅन्सरच्या पेशी आधी सीरममध्ये ठेवल्या आणि मग उंदरांमध्ये टोचल्या. विश्रांतीतल्या रक्ताचं सीरम वापरलं तेव्हा 90 टक्के उंदरांमध्ये गाठ धरली. व्यायामानंतरचं वापरलं तेव्हा 45 टक्क्यांमध्ये. मग पेशीवरची अ‍ॅड्रेनलिनची कडीच, म्हणजे ते जिथे चिकटतं ती जागाच, बंद करणारं, रक्तदाबासाठी वापरतात त्या जातीचं औषध त्यात मिसळलं आणि सगळा परिणाम पुसला गेला. चोर पकडायचा तर असा पकडावा!

आता ती कडी वाजते तेव्हा पेशीच्या आत काय होतं ते बघू. त्यासाठी आधी एका चिलटाकडे जावं लागेल. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणारं ते बारीक चिलट म्हणजे जीवशास्त्रज्ञांची लाडकी फळमाशी. 2003 च्या सुमारास काही फळमाश्यांमध्ये एक जनुक बिघडवलं, तेव्हा त्यांची डोकी वाढतच गेली. कातडीला घड्या पडल्या, गडद, जाड, पाणघोड्यासारख्या. म्हणून त्या जनुकाचं नाव पडलं हिप्पो. 'आता पुरे, थांबा' हा निरोप देणारी साखळी या जनुकापासून सुरू होते. तुमचं यकृत वाढत-वाढत छातीत का शिरत नाही, दोन्ही कान साधारण एकाच मापाचे कसे होतात, यामागे या साखळीचा मोठा हात आहे.

साखळीच्या शेवटी यॅप नावाचं प्रथिन असतं. यॅप पेशीच्या केंद्रकात शिरलं की 'वाढा, दुप्पट व्हा' सांगणारी जनुकं चालू होतात. उंदराच्या यकृतात यॅप मुद्दाम मोकाट सोडलं, तेव्हा एरवी शरीराच्या वजनाच्या 5 टक्के असणारं यकृत काही आठवड्यांत 25 टक्क्यांवर गेलं. म्हणून निरोगी पेशी यॅपला दाराबाहेर अडवून ठेवते. हे काम लॅट्स नावाच्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं. लॅट्स यॅपवर एका ठराविक जागी फॉस्फेटचा गट चिकटवतं. तो चिकटला की दुसरी प्रथिनं यॅपला धरून ठेवतात, ते केंद्रकात जाऊ शकत नाही आणि बाहेरच मोडून टाकलं जातं. कॅन्सरच्या अनेक पेशींमध्ये हा पहारा ढिला पडलेला असतो.

अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या बाहेरूनच बोलतं. पेशीच्या पडद्यात रुतलेल्या, निरोप झेलणाऱ्या बीटा नावाच्या प्रथिनाला (याला ग्राहक म्हणतात, मघाची कडी ती हीच) ते चिकटतं, आत सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू भराभर तयार होतो, तो पीकेए या विकराला जागं करतो, पीकेए लॅट्सला आणि लॅट्स यॅपला फॉस्फेट लावतं. पाच हातांमधून गेलेला निरोप, पण पोचतो नेमका दारावर. व्यायामानंतरच्या सीरममध्ये ठेवलेल्या पेशींमध्ये यॅप असंच बाहेर अडकलेलं सापडलं. चिलटाच्या बेढब डोक्यापासून निघालेला धागा धाप लागलेल्या बाईच्या रक्तापर्यंत येतो, हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

इथे कुणीही विचारेल : अ‍ॅड्रेनलिनच हवं तर संध्याकाळी दादरला विरार फास्टमध्ये शिरताना रोज मिळतंच की. तसं नाही. व्यायामातलं अ‍ॅड्रेनलिन उसळतं आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरतं. दिवसेंदिवस पाठ न सोडणाऱ्या ताणात हेच ग्राहक सतत ठोठावले जातात, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत अशा ताणाने बीजांडकोशाच्या कॅन्सरच्या गाठी उलट वाढलेल्या दिसल्या आहेत. त्यामुळे अ‍ॅड्रेनलिनला सरसकट औषध म्हणणं चूक. आणि हेच ग्राहक बंद करणारी रक्तदाबाची वा हृदयाची बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर हे वाचून ती सोडणं त्याहून मोठी चूक. वरचे प्रयोग बशीतले आणि उंदरांवरचे आहेत.

हॉयमन यांच्याच गटाने 2016 मध्ये दुसरा रस्ताही दाखवला होता. चाकावर धावणाऱ्या उंदरांमध्ये गाठींची वाढ 60 टक्क्यांहून जास्त घटली, कारण अ‍ॅड्रेनलिनने प्रतिकारसंस्थेतल्या नैसर्गिक मारक पेशींना रक्तात उतरवलं आणि त्या गाठीत शिरल्या.

मग माणसांचं काय? जून 2025 मध्ये चॅलेंज नावाच्या चाचणीचे निकाल आले. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण, मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. निम्म्यांना आरोग्याची माहितीपत्रकं दिली, निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शकासह व्यायामाचा कार्यक्रम. आठ वर्षांनी माहितीपत्रकवाल्यांपैकी 83.2 टक्के हयात होते, व्यायामवाल्यांपैकी 90.3 टक्के. कॅन्सरवरच्या एखाद्या नव्या औषधाने एवढं केलं असतं तर पहिल्या पानावर बातमी आली असती. हा फरक अ‍ॅड्रेनलिनमुळे पडला की मारक पेशींमुळे, की इन्सुलिन आणि सूज कमी झाल्यामुळे, हे या आकड्यांवरून कळत नाही. आणि या सगळ्यांचं ऑपरेशन आणि केमो आधी पूर्ण झालेलं होतं. व्यायाम त्यानंतरचा, त्याच्याऐवजी नव्हे.

हे ठासून सांगायचं कारण आहे. परळला टाटा हॉस्पिटल 1941 पासून उभं आहे, तरी 'गाठीला सुरी लागली की कॅन्सर पसरतो' हे वाक्य अजून मुंबईतल्या शिकलेल्या घरांत ऐकू येतं. त्या भीतीने माणसं काढा, लेप, अंगारा करत महिने घालवतात, आणि लवकर निघाली असती ती गाठ हाताबाहेर जाते. 'व्यायामाने कॅन्सर नष्ट' हा मेसेज त्याच पंगतीत बसतो. फक्त त्याच्या अंगावर विज्ञानाचा सदरा आहे.

मावशीला एवढं सगळं सांगितलं नाही. चॅलेंजमधल्या लोकांनी आधीच्या हालचालीत जेवढी भर घातली, ती आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपाझप चालण्याइतकी होती, हे सांगितलं. झपाझप म्हणजे किती, हा तिचा पुढचा प्रश्न. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतकं. तिने पदर खोचला, डॉक्टरांना विचारून घेते म्हणाली, आणि पुढच्या फेरीला निघताना चालत-चालत भूपाळीची पहिली ओळ म्हणून पाहिली. ती अगदी सहज जमली, म्हणून तिने वेग वाढवला.