पार्श्वभूमी : पेले, मॅराडोना, मेस्सी आणि न सुटलेला वाद

कोकणातल्या शिरोड्यापासून गोव्यातल्या बार्देशापर्यंत, फुटबॉलमधला सर्वश्रेष्ठ कोण हा विषय निघाला की गाडी शेवटी तिघा-चौघांवरच येऊन थांबते : पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो. त्याआधीचे मॅथ्यूज, डी स्टेफानो, पुश्काश इकडे छापील मजकुरातूनच आले आणि तिथेच राहिले. खरं तर पेलेची गतही फार वेगळी नाही. १९५८, १९६२ आणि १९७० असे तीन विश्वचषक जिंकलेल्या या माणसाला ऐन भरात खेळताना इकडच्या कुणी पाहिलेलं नाही. १९७० चा विश्वचषक जगात अनेकांनी रंगीत पाहिला, तेव्हा कोकणात टीव्हीच नव्हता. २४ सप्टेंबर १९७७ ला पेले न्यूयॉर्कच्या क्लबकडून कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध खेळला. सामना २-२ असा सुटला. पण तोवर तो सदतिशीला टेकला होता आणि पुढच्याच आठवड्यात त्याने बूट काढून ठेवले. त्यामुळे ‘पेलेक बगल्यान कोणी?’ असं कुणी विचारलं की जुन्या मंडळींकडे उत्तर नसतं.

मॅराडोनाचं तसं नाही. १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनने दाखवला आणि तिथून इथल्या वादाला तोंड फुटलं. मेक्सिकोतल्या भरदुपारचे सामने आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू व्हायचे. इंग्लंडविरुद्धचा तो हाताचा गोल आणि त्यानंतर चारच मिनिटांनी अर्धं मैदान कापत केलेला दुसरा गोल, दोन्ही झाले २२ जूनला. पण इकडे मध्यरात्र उलटून २३ जून लागला होता. बाहेर मृगाचा पाऊस आणि लाईटचा भरवसा नाही. विश्वचषक एरवी जून-जुलैत येतो आणि त्याच दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे मच्छीमार वाड्यांत रात्री जागायला माणसं मोकळी असायची. भातलावणीच्या घरांत तेवढी मोकळीक नव्हती. पुढे आखातातून सुटीवर येणाऱ्यांनी व्हीसीआर आणले, तेव्हा तोच गोल पुन्हापुन्हा पाहता यायला लागला. ज्यांना मॅराडोनाशिवाय दुसरं कुणी पटत नाही, त्यांतले बहुतेक त्या पिढीचे आहेत, आणि हे लिहिणाराही त्याच पिढीचा आहे.

बदललेले नियम या वादात हमखास निघतात, त्यातलं महत्त्वाचं तेवढं सांगतो. १९६६ च्या विश्वचषकात बल्गेरिया आणि पोर्तुगालच्या खेळाडूंनी पेलेला लाथांनी हैराण केलं. राखीव खेळाडू उतरवायची सोय नव्हती, म्हणून पोर्तुगालविरुद्ध तो लंगडतच मैदानात राहिला. विश्वचषकात बदली खेळाडू आणि पिवळी-लाल कार्डं आली ती १९७० ला. तरीही १९८२ मध्ये इटलीविरुद्धच्या एका सामन्यात मॅराडोनावर २३ फाउल झाले आणि २४ सप्टेंबर १९८३ ला स्पेनमध्ये मागून आलेल्या एका टॅकलने त्याचा घोटा मोडला. आपल्याच खेळाडूने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात धरायचा नाही, हा नियम १९९२ चा. मागून धोकादायक टॅकल केली तर थेट लाल कार्ड, हे १९९८ पासून. मेस्सी आणि रोनाल्डो वाढले ते या नियमांच्या छायेत.

आता २००० सालाकडे. या वादाची गाठ तिथेच बसली आणि ती अजून सुटलेली नाही.

विसाव्या शतकातला सर्वश्रेष्ठ खेळाडू निवडायचं फिफा या फुटबॉलच्या जागतिक शिखर संस्थेने ठरवलं आणि त्यासाठी इंटरनेटवर मतदान ठेवलं. मॅराडोनाला ५३.६ टक्के मतं मिळाली, पेलेला १८.५३. युसेबियो तिसरा, तोही बराच मागे. मग संस्थेच्या वर्तुळात कुजबुज सुरू झाली : इंटरनेट वापरणारे तरुण आहेत, त्यांनी पेलेला पाहिलेलं नाही, तेव्हा हा कौल एकांगी आहे. त्यावर उपाय म्हणून संस्थेने आपल्या नियतकालिकाच्या वाचकांची आणि निवडलेल्या जाणकारांची मतं वेगळी मोजली. जाणकारांची जवळजवळ तीन चतुर्थांश मतं पेलेला गेली. दुसरा आला डी स्टेफानो, मॅराडोना तिसरा. ११ डिसेंबर २००० ला रोममध्ये पुरस्कार मात्र दोघांनाही दिले गेले. मॅराडोनाने आपला घेतला आणि पेलेचं नाव पुकारलं जायच्या आत तो सभागृहातून निघून गेला.

तरुण मतदारांवरचा आक्षेप खोटा नव्हता. पण ज्या जाणकारांना संस्थेनेच निवडलं, त्यांचा कल कुठे होता, हे कुणी का विचारू नये? १९९१ मध्ये कोकेनसाठी बंदी आणि १९९४ च्या विश्वचषकातून उत्तेजकामुळे हकालपट्टी झालेला, संस्थेच्या वरिष्ठांना उघड शिव्या घालणारा खेळाडू एका बाजूला. संस्थेच्या प्रत्येक समारंभात हसतमुख दिसणारा पेले दुसऱ्या बाजूला. मतपत्रिका हाती येण्याआधीच काहींचं ठरलेलं असणार.

त्याच वेळी झालेल्या महिलांच्या निवडीचा उल्लेख या वादात कुणी करत नाही, आणि मला तीच जास्त बोलकी वाटते. तिथेही असंच झालं : इंटरनेटवर चीनची सुन वेन पहिली, तर दुसऱ्या मोजणीत अमेरिकेची मिशेल एकर्स. या दोघी तर १९९९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात समोरासमोर खेळल्या होत्या. तिथे पिढीचं अंतर आड येण्यासारखं नव्हतं, मतदारांनी दोघींनाही टीव्हीवरच पाहिलं होतं, तरी कौल दोन निघाले. म्हणजे कौल कुणाकडून घ्यायचा इथेच सगळं ठरत होतं. ‘नव्या पोरांनी पेलेला पाहिलं नाही’ या एका कारणावर २००० चा सगळा घोळ टांगता येत नाही.

युरोपातल्या प्रसिद्ध सोनेरी चेंडूची, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या ‘बॅलन डी’ऑर’ पुरस्काराचीही अशीच कथा. तो १९५६ पासून दिला जातो, पण १९९४ पर्यंत फक्त युरोपीय खेळाडूंना. म्हणून पेले आणि मॅराडोना यांच्या नावावर एकही नाही आणि मेस्सीच्या नावावर आठ आहेत. २०१६ मध्ये तो देणाऱ्या फ्रेंच नियतकालिकाने जुनी वर्षं पुन्हा तपासली. सगळ्यांना संधी असती तर पेलेला सात आणि मॅराडोनाला दोन मिळाले असते, असा निष्कर्ष निघाला. मूळ विजेते अर्थात तेच राहिले.

डिसेंबर २०२० मध्ये मेस्सीने एकाच क्लबसाठी ६४४ वा गोल केला आणि पेलेचा ब्राझीलच्या सांतोस क्लबसाठीचा ६४३ गोलांचा विक्रम मोडला, अशा बातम्या आल्या. सांतोसने लगेच हरकत घेतली : पेलेचे गोल १०९१ आहेत, मैत्रीपूर्ण सामन्यांतले ४४८ तुम्ही गाळता. ही हरकत हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. त्या काळी सांतोसचा संघ जगभर दौरे करी आणि त्या सामन्यांत समोर इंटर मिलानसारखे संघही असत. आजच्या कोष्टकात त्या गोलांना जागा नाही.

दोनच वर्षांनी, १८ डिसेंबर २०२२ ला, मेस्सीने विश्वचषक जिंकला. त्या वर्षी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात असल्याने बंदरांवर मासेमारीचा ऐन हंगाम होता. त्या रात्रीनंतर अनेकांच्या लेखी वाद मिटला. पुढच्या ११ दिवसांत पेले गेला आणि जुन्या चित्रफिती पाहून तोच वाद पुन्हा उकरला गेला.

आपल्या किनाऱ्यावर हा वाद कधी नव्हे इतका पेटला तो त्याच्या वर्षभर आधी, डिसेंबर २०२१ मध्ये. कलंगुटला रोनाल्डोचा पितळी पुतळा उभा राहिला. गोवा मुक्तीला साठ वर्षं होऊन जेमतेम आठवडा उलटला होता, त्यात पोर्तुगालच्या कर्णधाराचा पुतळा. काळे झेंडे निघणारच. मुलांना स्फूर्ती मिळावी हा हेतू, असं उभारणाऱ्यांचं म्हणणं. विरोधकांनी विचारलं, मग आपले गोव्याचेच फुटबॉलपटू ब्रूनो कुतिन्हो का नको, समीर नायक का नको? प्रश्न रास्तच होता. पण ही दोन्ही नावंही टीव्हीच्या काळातलीच. गोव्याच्या मातीतल्या नेव्हिल डिसोझाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, स्पर्धेत एकूण चार, आणि सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तो बरोबरीने पहिला होता. भारत त्या वेळी चौथा आला. सुनील छेत्रीने २०२४ मध्ये निवृत्ती घेतली तेव्हा त्याच्या नावावर १५१ सामन्यांत ९४ गोल होते. नेव्हिलच्या काळात भारताच्या वाट्याला वर्षाला मोजकेच आंतरराष्ट्रीय सामने येत, त्यामुळे १५१ हा आकडा गाठायला त्याला बहुधा दोन जन्म लागले असते.